कुळथाचा दाणा आणि रक्ताची ओळख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, नाट्य या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी बोलावे आणि रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याने मागच्या रांगेत बसून ऐकावे, हेच अधिक शोभून दिसले असते. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला आणि विषयाची मोकळीकही दिली. तेव्हा मी असा विषय निवडला, की ज्याचे एक टोक आपल्या स्वयंपाकघरात आहे, दुसरे टोक या शहरातील प्रयोगशाळेत आहे, आणि मधला धागा कदाचित या सभागृहातील एखाद्याच्या रक्तातूनही जात असेल.

आपल्यापैकी जे कोकणातले, ते ज्याला कुळीथ म्हणतात, त्यालाच देशावरचे लोक हुलगा म्हणतात. संस्कृतात तो कुलत्थ. आणि इथे बेंगळुरूत आपल्या शेजारणी ज्याचे सारू करतात, ती हुरळीही हीच. कुळथाची पिठी, हुलग्याचे माडगे, शेंगोळी हे काही पंगतीतले पदार्थ नव्हेत. गरिबाघरचे, पावसाळ्यातले, आजारातून उठलेल्या माणसाचे हे अन्न. या उपेक्षित दाण्याच्या अंगी एक विलक्षण शक्ती आहे. एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तापासून तो वेगळे ओळखू शकतो. आणि हे वेगळेपणही इतके सूक्ष्म, की 'ए' रक्तगटाच्या दोन माणसांमधला भेदसुद्धा तो दाखवून देतो.

ही गोष्ट प्रथम जगापुढे आली, ती याच शहरातून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात, १९५१ साली. डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड या लष्करी वैद्यकीय सेवेतील रक्ततज्ज्ञांनी कुळथाच्या अर्काचा मानवी रक्तपेशींवर होणारा परिणाम त्यात एका छोट्या टिपणाद्वारे मांडला. कुळथाला तेव्हा शास्त्रज्ञ 'डॉलिकॉस बायफ्लोरस' म्हणत. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे त्याचे नाव बदलले. रक्तपेढ्यांनी मात्र जुनेच ठेवले.

कृती अगदी साधी आहे. कोरडे दाणे दळावेत, ते पीठ मीठपाण्यात काही तास भिजत ठेवावे, आणि वरचे निवळ पाणी गाळून घ्यावे. हे मीठपाणी रक्ताच्या खारटपणाशी जुळणारे, शेकडा ०.९ मिठाचे असावे लागते. या अर्काचा एक थेंब काचपट्टीवर रक्तपेशींच्या थेंबात मिसळला, की पेशी 'ए-१' उपगटाच्या असतील तर क्षणार्धात त्यांचे पुंजके होतात, दूध नासल्यावर दिसते तसे. पेशी 'ए-२' उपगटाच्या असतील तर थेंब एकजीव राहतो. एक अट मात्र पाळावी लागते. अर्क दाट असेल, तर तो 'ए-२' पेशींनाही पकडतो. तो बेताने पातळ करीत करीत अशा टप्प्यावर आणावा लागतो, की 'ए-१' पेशी गोळा व्हाव्यात आणि 'ए-२' मोकळ्या राहाव्यात. हा टप्पा साधणे म्हणजे पाकाची तार ओळखण्यासारखे आहे. पुस्तक एका मर्यादेपर्यंत सांगते. पुढचे हाताला कळावे लागते.

हे घडते कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात शास्त्राची काही दशके गेली. १८८८ साली डॉर्पाट येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियातील टार्टूत, हर्मन स्टिलमार्क या तरुण संशोधकाने एरंडाच्या बियांतील विषारी प्रथिनाने रक्तपेशींचे पुंजके होतात, असे दाखवले. पुढे आपल्या सोनारांच्या तराजूत पिढ्यान्पिढ्या बसलेल्या गुंजेतही तसेच प्रथिन सापडले. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०० आणि १९०१ या वर्षांत मानवी रक्तगटांचा शोध लावला. परंतु बियांतील प्रथिने आणि रक्तगट यांचा नेमका सांधा जुळायला आणखी जवळजवळ अर्धशतक लागले. बोस्टनचे विल्यम बॉइड यांनी १९४५ साली आपल्या साहाय्यकाला कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सुक्या लायमा बीन्स आणायला सांगितले. याच बीन्स का, हे आपल्यालाही सांगता येणार नाही, असे त्यांनीच पुढे प्रांजळपणे लिहिले. त्यांचा अर्क 'ए' गटाच्या पेशी गोळा करी आणि 'बी' व 'ओ' गटांच्या पेशींना स्पर्शही करीत नसे. त्याच सुमारास फिनलंडमध्ये रेन्कोनेन यांनी स्वतंत्रपणे असाच शोध लावला. १९५४ साली बॉइड यांनी या प्रथिनांना 'लेक्टिन' हे नाव दिले. ते ज्या लॅटिन धातूपासून साधले आहे, त्याचा अर्थ निवडणे.

हे निवडणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्या प्रत्येक तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या लहान लहान साखळ्या असतात. जपमाळेचे तुटलेले तुकडे जणू. रक्तगट ठरतो तो या साखळीच्या टोकाच्या मण्यांवरून. प्रथम साखळीवर 'फ्यूकोज' नावाच्या शर्करेचा एक मणी बसतो. या पायरीला 'एच' म्हणतात. 'एच'वर आणखी एका प्रकारचा मणी बसला तर माणूस 'ए' गटाचा, दुसऱ्या प्रकारचा बसला तर 'बी' गटाचा, दोन्ही बसले तर 'एबी' गटाचा, आणि काहीच बसले नाही तर 'ओ' गटाचा. म्हणजे 'ओ' गटात काही नसते असे नव्हे. तिथे उघडा 'एच' असतो. लेक्टिनाच्या अंगावर विशिष्ट आकाराचे खाचे असतात आणि त्यांत ठरावीक मणीच बसतो. एकाच रेणूवर असे अनेक खाचे असल्यामुळे तो दोन शेजारच्या पेशींना एकदम धरतो, आणि अशा असंख्य पकडींमधून डोळ्यांना दिसणारा पुंजका तयार होतो. रक्तगटांचे मर्म शर्करेत आहे, हे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी ज्या प्रयोगांतून ओळखले, त्यांत बियांच्या अर्कांचा मोठा वाटा होता. एखादी शर्करा अगोदरच अर्कात मिसळली आणि तिने लेक्टिनाचे खाचे भरून टाकले, तर पुंजके होत नाहीत. कुलूप आधीच भरले, म्हणजे किल्ली फिरत नाही!

या दोघांची नावे मी मुद्दाम घेतली, कारण आपल्या मराठी प्रांताशी निगडित असलेल्या एका शोधावरही ती आहेत. मुंबईत परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरात काम करणारे डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना असे काही रक्तनमुने आढळले, की नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' वाटत. पण 'ओ' गटाच्या कोणत्याही दात्याचे रक्त त्यांना जुळत नसे. या पेशींवर 'एच'ची ती पहिली पायरीच नव्हती. लंडनमधील रूथ सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या सहकार्याने हा शोध १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. जगभर हा गट आज 'बॉम्बे' नावाने ओळखला जातो. शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले, रक्तगटाचे मात्र 'बॉम्बे'च राहिले.

ज्याच्या पेशींवर 'एच' नाही, त्याच्या रक्तरसात 'ए', 'बी' आणि 'एच' या तिघांविरुद्ध प्रतिपिंडे असतात. 'ओ' म्हणजे सर्वांना चालणारे रक्त, असे आपण शाळेत शिकलो. पण या माणसाला तेच घातक ठरते. त्याला केवळ त्याच्याच गटाचे रक्त चालते. हा गट युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. भारतात साधारणतः दहा हजारांत एकाचा. आणि मुंबईत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तो सुमारे ७,६०० माणसांमागे एक इतका आढळला. देशात ज्यांची नोंद झाली, त्यांत महाराष्ट्रातील लोकांची संख्या सर्वांत मोठी आहे, आणि कर्नाटक व गोवा हेही त्या नोंदींत आहेत. म्हणूनच मित्रहो, हा विषय मी आपल्यापुढे आणला. गाव सोडून आपण इथे आलो, तेव्हा भाषा, गणपती आणि लोणच्याची बरणी यांबरोबर रक्तही घेऊन आलो आहोत.

आता माझ्या अनुभवातील एक प्रसंग सांगतो. नावे सांगणार नाही. काही वर्षांपूर्वी दक्षिण कोकणातून लग्न होऊन बेंगळुरूस आलेली एक मुलगी बाळंतपणाच्या तयारीसाठी आमच्याकडे आली. तिच्याजवळच्या कार्डावर कुठल्याशा प्रयोगशाळेने 'ओ पॉझिटिव्ह' लिहून दिले होते. तपासणाऱ्याने केवळ तिच्या पेशी तपासल्या होत्या. तिचा रक्तरस ज्ञात 'ओ' पेशींशी ताडून पाहिला नव्हता. तिचे रक्त थोडे कमी होते, म्हणून डॉक्टरांनी एक पिशवी राखून ठेवायला सांगितले. क्रॉसमॅच लावला, तो जुळेना. दुसरी पिशवी लावली, तिसरी लावली, आठ झाल्या. सगळ्या 'ओ', आणि प्रत्येक परीक्षानळीत पुंजके!

अशा वेळी हाताशी घ्यायची ती एक लहानशी बाटली. तिच्यात 'युलेक्स युरोपियस' या झुडपाच्या बियांचा अर्क असतो. पश्चिम युरोपातले हे काटेरी, पिवळ्या फुलांचे झुडूप इंग्रजांनी निलगिरीवर आणले, आणि आता ते तिथे रानोमाळ माजले आहे. म्हैसूर, बंडीपूर करीत आपण उटीला जातो, तेव्हा हे झुडूप पाहून पुढे जातो; त्याचे मोल आपल्याला ठाऊक नसते. या बियांतील लेक्टिन 'एच' ओळखते. 'ओ' गटाच्या पेशींना ते सर्वांत जोरात पकडते, कारण तिथे 'एच' उघडा असतो. मी एका काचपट्टीवर माझ्या सहकाऱ्याच्या 'ओ' पेशी घेतल्या आणि दुसरीवर त्या मुलीच्या. दोन्हींत एकेक थेंब घातला. पहिल्या पट्टीवर लगेच रवाळ पुंजके दिसू लागले. दुसऱ्या पट्टीवरचा थेंब मी हलवीत राहिलो, दिव्यासमोर धरून पाहत राहिलो. तो तसाच, एकजीव, तांबडा. त्या स्वच्छ थेंबाने मला जितके भय वाटले, तितके रक्ताच्या थारोळ्यानेही वाटले नसते. रात्री-अपरात्री, घाईच्या प्रसंगी, क्रॉसमॅचला वेळ नाही म्हणून त्या कार्डावर विसंबून कोणी 'ओ'ची पिशवी लावली असती तर?

बाळंतपणाला महिनाभर अवकाश होता, ही देवाची कृपा. हा गुण आईवडील दोघांकडून आल्याशिवाय प्रकट होत नाही. म्हणून सख्ख्या भावंडांत तो असण्याचा संभव चारांत एक. तिला दोन भाऊ. थोरल्याचे रक्त साधे 'बी' निघाले. धाकट्याच्या पेशींवरही युलेक्सचा थेंब तसाच स्वच्छ राहिला. बाळंतपणाच्या आठवडाभर आधी तो गावाहून येऊन रक्त देऊन गेला, आणि ती पिशवी आमच्या शीतकपाटात चिठ्ठी लावून स्वतंत्र कप्प्यात ठेवली. सुदैवाने तिची गरज पडली नाही. मुलगी सुखरूप बाळंत झाली. माहेरची ओटी घेऊन आलेला भाऊ पुष्कळांनी पाहिला असेल. हा भाऊ बहिणीसाठी जे ठेवून गेला, ते दुकानात मिळत नव्हते.

पण कथा इथे संपली नाही. झालेल्या बाळाचा गट 'ए' निघाला. वडिलांचा 'ओ', आईच्या कार्डावर 'ओ', आणि मूल 'ए'! घरात कुजबुज सुरू झाली. बोलून कोणी दाखवले नाही, पण त्या मुलीच्या डोळ्यांत मी ते वाचले. मी नवऱ्याला आणि सासूबाईंना प्रयोगशाळेत बोलावून घेतले आणि कागदावर मणी काढून दाखवले. 'ए'चा वारसा आईजवळ होता. पण पायरीच नसल्यामुळे तो मणी बसायला जागा नव्हती. बाळाला वडिलांकडून पायरी मिळाली, आईकडून मणी मिळाला. सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, "हा कागद मला द्या, घरी दाखवायला लागेल." विज्ञानाने एखाद्या घराचे काय राखले जाते, हे मला त्या दिवशी समजले.

आता विषयाच्या दुसऱ्या टोकाकडे वळतो. बियांच्या या निवडशक्तीचा उपयोग रक्तगटापुरता थांबला नाही. राजम्याचा अर्क पूर्वी रक्तातून तांबड्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी वापरीत. १९६० साली अमेरिकेत पीटर नॉवेल यांच्या लक्षात आले, की मागे राहिलेल्या पांढऱ्या पेशी या अर्काने जाग्या होऊन विभागू लागतात. गुणसूत्रे पाहायची तर विभागणारी पेशी लागते; ती अशी साध्या रक्तातून मिळू लागली, आणि गुणसूत्रांची तपासणी सुलभ झाली. सोयाबीनच्या लेक्टिनाने इस्रायलच्या संशोधकांनी अस्थिमज्जेतील काही पेशी वेगळ्या काढल्या आणि प्रतिकारशक्तीविना जन्मलेल्या बालकांना पूर्णपणे न जुळणाऱ्या आईवडिलांची मज्जा देणे शक्य केले.

आणि भुईमूग! कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकाई परिषे भरते. आपण सगळे तिथे हिंडलो आहोत, शेंगा खाल्ल्या आहेत, टरफले तुडवली आहेत. त्या शेंगदाण्यातील लेक्टिन पेशीवरची एक सहसा झाकलेली शर्करा ओळखते. काही जंतूंच्या संसर्गात पेशीवरचे आवरण झिजून ती उघडी पडते. पुष्कळ कर्करोगांतही ती उघडी दिसते. रक्तपेढीत शेंगदाण्याला हे स्थान १९६४ साली मिळवून दिले, तेही कुळथाच्याच बर्ड यांनी. या शेंगदाण्याच्या लेक्टिनाची अंतर्रचना १९९४ साली उलगडली, ती या परिषेपासून काही मैलांवर, जुने बेंगळुरूकर ज्याला आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात त्या भारतीय विज्ञान संस्थेत. जी. एन. रामचंद्रन यांनी उभारलेल्या तिथल्या रेणवीय जीवभौतिकी विभागात प्रा. एम. विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले, की चार सारखे घटक एकत्र येऊनही त्यांच्या मांडणीत अपेक्षित सममिती नाही. अशी रचना तोवर शास्त्राला अपरिचित होती. १९९६ साली याच विभागातून फणसाच्या आठळीतील लेक्टिनाची रचना प्रसिद्ध झाली, आणि लेक्टिनांच्या घडणीचा एक नवाच प्रकार जगाला कळला. प्रा. अवधेश सुरोलिया यांनीही याच संस्थेत लेक्टिन आणि शर्करा यांच्या बंधांचा दीर्घकाळ अभ्यास केला. प्रा. विजयन २०२२ साली निवर्तले. ज्या आठळ्या आपली आजी चुलीच्या निखाऱ्यात भाजून द्यायची, त्यांनी त्यांच्या प्रयोगशाळेत एवढा मान मिळवला.

भाषणानंतर नेहमी विचारल्या जाणाऱ्या दोन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकतो. पहिला, कुळीथ खाल्ल्याने रक्ताचे पुंजके होतील का? नाही. बहुतेक कडधान्यांतील लेक्टिने नीट भिजवून, उकळून शिजवल्यावर निष्क्रिय होतात. राजमा मात्र कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाऊ नये. त्याने उलट्या-जुलाब होतात. दुसरा, रक्तगटाप्रमाणे आहार घ्यावा का? या मताची पुस्तके पुष्कळ खपली. परंतु त्याला आधार देणारा पुरावा शास्त्रीय तपासणीत मिळालेला नाही.

एकीकडे हेही सांगितले पाहिजे, की नेहमीच्या 'ए' आणि 'बी' तपासणीसाठी आता प्रयोगशाळेत पेशींपासून तयार केलेली प्रतिपिंडे वापरतात. बियांची सद्दी तिथे संपली. पण 'ए-१'ची ओळख कुळथाकडे आणि 'एच'ची ओळख युलेक्सकडे अजून आहेच. जुन्या माणसांना घरात एखाद-दुसरे काम राखून ठेवलेले असते, तसे.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. आपले रक्तगटाचे कार्ड काढून पाहा. 'ओ' लिहिले असेल, तर पेशी आणि रक्तरस अशी दोन्ही बाजूंनी तपासणी झाली आहे ना, हे रक्तपेढीत विचारा. घराण्यात कोणाला रक्त जुळण्यात अडचण आल्याचे ऐकले असेल, किंवा जवळच्या नात्यात लग्ने होत आली असतील, तर ते मोकळेपणाने सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. 'बॉम्बे' गट निघाला, तर भावंडांना कळवा आणि आपले नाव नोंदवा. याच शहरातील संकल्प इंडिया फाउंडेशनने अशा दात्यांची नोंद ठेवण्याचे काम हाती घेतले. मुंबईत परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत या गटाचे तज्ज्ञ आहेत. आणि जे कोणत्याही गटाचे असतील, त्यांनी वय आणि प्रकृती अनुकूल असेतोवर रक्तदान करावे. मंडळाने पन्नासाव्या वर्षी एक शिबिर भरवावे आणि सभासदांच्या यादीत नावापुढे रक्तगटाचा एक रकाना वाढवावा, असे मी कार्यवाहांना सुचवले आहे.

परगावी राहणाऱ्या माणसाला अडीअडचणीला हाक मारायची, तर मंडळ हेच भावकीसारखे. पण दहा हजारांत एखादा असा असतो, की त्याच्या हाकेला ओ देणारा माणूस शोधून काढावा लागतो. तो शोधण्याचे काम एका बीच्या थेंबापासून सुरू होते आणि आपल्यापर्यंत येऊन थांबते. पुढचे आपण करायचे आहे.